बाबांच्या आयआरएमधून काढलेले पैसे: रिटर्न भरण्याआधी त्यांच्या फायली उघडा

ताई, बाबा गेल्याचं वाचून फार वाईट वाटलं. तुम्ही लिहिलंय की ते २०२३ मध्ये ७६व्या वर्षी गेले, त्यांच्या अमेरिकेतल्या निवृत्ती बचत खात्याचा, म्हणजे ट्रॅडिशनल आयआरएचा, तुमचा हिस्सा तुमच्या नावावर झाला, २०२५ मध्ये त्यातून २०,००० डॉलर काढले, आणि चुलत भाऊ म्हणतोय, "वारशाच्या पैशाला कसला टॅक्स?" घर किंवा बँकेतली शिल्लक आली असती तर त्याचं खरं होतं. पण आयआरएमधल्या पैशावर बाबांनी सहसा टॅक्स भरलेलाच नसतो. तो पैसे काढणाऱ्याने, म्हणजे तुम्ही, तुमच्या उत्पन्नात धरून भरायचा.

१०९९-आर, म्हणजे काढलेल्या पैशाचा खातं सांभाळणाऱ्या कंपनीकडून आलेला फॉर्म, समोर घ्या. त्यावर तुमचा सोशल सिक्युरिटी नंबर हवा, बाबांचा नाही. बॉक्स ७ मध्ये ४ हवा, म्हणजे मृत्यूमुळे मिळालेली रक्कम. तो असला की वयाच्या साडेएकोणसाठच्या आत पैसे काढल्याचा १० टक्के दंड लागत नाही. आईच्या खात्याच्या वेळी मी घाईत ४ ऐवजी १ टाकला, दंड भरून बसले आणि तो परत मिळवायला १०४०-एक्स, म्हणजे दुरुस्त केलेला रिटर्न, भरावा लागला. हा एक आकडा दोनदा तपासा.

तुमच्या बॉक्स १ (एकूण रक्कम) आणि २ए (करपात्र रक्कम) मध्ये २०,०००च आहेत आणि २बी वर खूण आहे. बरेच लोक इथे २०,००० जसेच्या तसे १०४० च्या, म्हणजे मुख्य रिटर्नच्या, लाइन ४बी (करपात्र रक्कम) वर टाकून मोकळे होतात. कृपा करून थांबा. त्या खुणेचा अर्थ एवढाच, की करपात्र रक्कम किती हे कंपनीने ठरवलेलं नाही. १९८६ च्या कायद्यानंतर, ऑफिसचा रिटायरमेंट प्लॅन असलेल्या चांगल्या पगाराच्या लोकांची आयआरएची वजावट गेली. तरी कित्येकांनी टॅक्स भरलेले पैसे त्यात टाकले. आपल्याकडचे इंजिनिअर त्यात भरपूर. असे पैसे फॉर्म ८६०६ वर नोंदवलेले असतात. मला आईचा तो फॉर्म १९९८ च्या रिटर्नमागे स्टेपल केलेला सापडला, कोपऱ्यात तिच्या अक्षरात "जपून ठेवणे".

समजा बाबांच्या शेवटच्या ८६०६ च्या लाइन १४ वरून (तिथे टॅक्स भरलेल्या पैशांची शिल्लक असते) तुमच्या वाट्याला २१,००० येतात, आणि ३१ डिसेंबरला तुमच्या खात्यात १,२०,००० उरले होते. त्यात काढलेले २०,००० मिळवले की १,४०,०००. त्याच्या १५ टक्के म्हणजे २१,०००. म्हणून काढलेल्यातलेही १५ टक्के, म्हणजे ३,०००, करमुक्त. लाइन ४ए (एकूण रक्कम) वर २०,०००, ४बी वर १७,०००, आणि सोबत या खात्याचा वेगळा ८६०६. तुमचा स्वतःचा आयआरए असेल तर त्याचा हिशेब यात मिसळायचा नाही. तुमचा सख्खा भाऊही वारस असेल तर लाइन १४ चा आकडा हिश्श्याप्रमाणे विभागतो. भाऊ पुण्यात असेल आणि अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक नसेल, तर त्याला १०९९-आर ऐवजी १०४२-एस (परदेशी व्यक्तींसाठीचा तसाच फॉर्म) येतो आणि साधारणपणे ३० टक्के आधीच कापलेले असतात.

न्यू जर्सीत राहत असाल तर राज्याचा हिशेब निराळा. तिथे आयआरएत भरलेल्या पैशाला वजावट कधीच नव्हती, म्हणून करपात्र भाग फेडरलपेक्षा कमी येऊ शकतो.

मुदतीचं थोडक्यात: खातं ३१ डिसेंबर २०३३ पर्यंत रिकामं करायचं. बाबांचं स्वतःचं सक्तीने पैसे काढण्याचं वय उलटून गेलं होतं, म्हणून २०२५ पासून दरवर्षी किमान रक्कम काढावीच लागते. राहिली तर तेवढ्यावर २५ टक्के दंड, वेळेत दुरुस्त केलं तर १०. तो फॉर्म ५३२९ वर येतो, आणि सबळ कारण असेल तर माफीही तिथेच मागता येते.

बाबांच्या फायली अजून टाकल्या नसतील ना? ८६०६ नसला तरी जुने ५४९८ (आयआरएत भरलेल्या पैशाची नोंद असलेला फॉर्म) आणि १०४० काढा. पैसे भरलेत पण वजावट घेतलेली नाही अशी वर्षं त्यातून कळतात. जे सापडेल त्याचे आकडे इथे लिहा, आपण बसून हिशेब करू.