आधी तिच्या लॅबमध्ये जाऊन या

प्रश्न : मुलगी परभणीत बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. नीट दोनदा दिली, नंबर लागला नाही. घरात फारशी बोलत नाही. संध्याकाळपर्यंत कॉलेजच्या लॅबमध्ये ‘सेराटॉप्टेरिस’ नावाच्या फर्नचं शेवाळासारखं काहीतरी वाढवत बसते. कॉलेज सोडवून तिसऱ्यांदा नीटसाठी लातूरला ठेवायचं ठरवलंय. क्लास कोणता लावू? – एक वडील

उत्तर : क्लासचं नाव मी सांगणार नाही.

तुम्ही ‘ठरवलंय’ लिहिलंत. तिला विचारलंत का, ते लिहिलं नाहीत. दोनदा अपयश पचवून घरात गप्प झालेली मुलगी एका ठिकाणी मन लावून काम करतेय, आणि तेवढंच तुम्ही बंद करायला निघालात. लातूरच्या खोलीत ती एकटी असेल. तिथे रात्री ती कोणाशी बोलणार? मला तिच्या मार्कांपेक्षा याचीच काळजी वाटते.

‘शेवाळासारखं’ म्हणता ते फर्नचंच रूप आहे, शुक्रपेशी आणि अंडपेशी तयार करणारी अवस्था. फुलझाडांत ही अवस्था फुलाच्या आत दडलेली असते. फर्नमध्ये ती स्वतंत्र वाढते. सेराटॉप्टेरिसचे बीजाणू पेरल्यावर साधारण दोन आठवड्यांत ती पक्व होते. पाण्याचा थेंब टाकला की शुक्रपेशी पोहताना सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. बीजाणू एकटा वाढला तर उभयलिंगी होतो; दाटीत पेरले तर आधी वाढलेल्यांनी सोडलेल्या अँथेरिडिओजेन या रसायनामुळे बरेचसे नर होतात. एक प्लेट विरळ, एक दाट पेरायची आणि मोजायचं, झाला प्रयोग. शिवाय या अवस्थेत गुणसूत्रांचा एकच संच असतो, त्यामुळे जनुकातला बदल दुसऱ्या संचामागे झाकला जात नाही, थेट दिसतो. या फर्नचा जीनोम, म्हणजे त्याची संपूर्ण आनुवंशिक माहिती, 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. तो माणसाच्या जीनोमच्या दुपटीहून मोठा आहे. ‘बॉटनी म्हणजे झाडांची नावं पाठ करणं’ ही समजूत सोडा. तुमची मुलगी आनुवंशशास्त्र हाताने शिकतेय, तेही पेट्री डिश आणि साध्या सूक्ष्मदर्शकावर.

पुढे आयआयटी-जॅम किंवा सीयूईटी-पीजी या प्रवेश परीक्षांतून एम.एस्सी., मग संशोधन आणि प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा. या वाटा तिच्या सरांना ठाऊक असतील. विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन फेलोशिपबद्दलही त्यांना विचारा. रोजच्या नोंदींची वही तिने नीट ठेवली, तर शिफारसपत्र लिहिताना त्यांना आधार मिळेल.

तिला खरंच डॉक्टर व्हायचं असेल, तर ते तिच्या तोंडून येऊ द्या. या आठवड्यात लॅबमध्ये जा, तिला प्लेट दाखवायला सांगा. नीटचा विषय त्या दिवशी काढू नका.