हिरड्यांना लेसर? आधी पॉकेटचं माप विचारा

प्रश्न : वय 52. ब्रश करताना रक्त येतं, तोंडाला वास येतो, खालचे समोरचे दोन दात हलतात. दवाखान्यात म्हणाले, ऑपरेशन नको, लेसरने काम होईल, टाकेही पडणार नाहीत. करून घेऊ का? (चोपडा)

उत्तर : होकार देण्याआधी एवढंच विचारा : माझे पॉकेट, म्हणजे दात आणि हिरडीमधली खोल झालेली फट, किती मिलिमीटरचे आहेत? हे माप प्रोबने घेतात. प्रोब म्हणजे बोथट टोकाची, मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई. ती दात आणि हिरडीच्या फटीत अलगद सोडतात, प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी. 1 ते 3 मिमी असेल तर चिंता नाही. 4 किंवा पुढे गेलं की पॉकेट धरायचं, आणि 6 किंवा जास्त भरलं तर मुळाभोवतीचं हाड बहुधा झिजलेलं असतं. हे आकडे लिहून मागा, सोबत एक्स-रे. माप न घेताच लेसरची तारीख मिळत असेल तर ती घेऊ नका.

आजाराचं कारण आहे दाताच्या मुळाला दगडासारखं चिकटलेलं कीटण आणि त्यावरचा जंतूंचा थर. आपल्याकडे जळगाव-धुळ्याच्या दवाखान्यांत सहसा दिसतो तो डायोड लेसर, 810 ते 980 नॅनोमीटर तरंगलांबीचा (हा आकडा प्रकाशाचा प्रकार सांगतो). त्याचा प्रकाश रक्तातल्या आणि हिरडीतल्या गडद रंगद्रव्यात शोषला जातो. म्हणून पॉकेटच्या आतलं सुजलेलं अस्तर तो काढतो, जंतू कमी करतो, रक्त थांबवतो. कीटण मात्र त्याने निघत नाही. ते अल्ट्रासॉनिक यंत्राने आणि क्युरेट नावाच्या हत्याराने हातानेच खरवडावं लागतं, यालाच डीप क्लीनिंग म्हणतात. एर्बियम लेसर (2940 नॅनोमीटर) कीटण काढू शकतो, पण ते यंत्र महाग आणि वेगळं. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि उपकरणांना परवानगी देणारी सरकारी संस्था) 2016 मध्ये ज्या लेसर पद्धतीला दाताभोवतीचा आधार पुन्हा तयार करण्यासाठी मान्यता दिली, तीही 1064 नॅनोमीटरच्या एनडी-याग या वेगळ्या लेसरची. तिचा दाखला देऊन कोणी डायोड विकत असेल तर तो दाखला तिथे लागू नाही.

म्हणजे क्रम असा : भुलीचं इंजेक्शन, मग डीप क्लीनिंग, आणि शेवटी वाटलं तर लेसर. लेसरची तार अगदी बारीक, 300-400 मायक्रॉनची, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून कमी जाडीची. ती पॉकेटच्या तळाच्या साधारण 1 मिमी वर ठेवून सतत वर-खाली फिरवत राहायची, टोकावर साकळलेलं रक्त ओल्या गॉजने पुसत. तार एका जागी थांबली किंवा टोक काळं पडूनही तसंच वापरलं, तर उष्णता हाडापर्यंत जाते. हाड 47 अंशांवर मिनिटभर राहिलं तरी त्याला इजा होते. दिसणारा लाल ठिपका फक्त नेम धरण्यासाठी असतो, खरा किरण डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे त्या तरंगलांबीचा चष्मा डॉक्टर, मदतनीस आणि तुम्ही, तिघांच्याही डोळ्यांवर हवा.

टाके पडत नाहीत हे खरं. पण डीप क्लीनिंग नीट झालं असेल तर डायोडची त्यावरची भर थोडीच असते. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा माप घ्या. तेव्हाही खोल पॉकेट उरले आणि हाडात खड्डे असतील, तर हिरडी उघडून, डोळ्यांनी बघून साफ करणं, म्हणजे फ्लॅप, हाच बरा मार्ग. हलणारे दात लेसरने घट्ट होत नाहीत. सूज उतरली की थोडा फरक पडतो, नाहीतर ते शेजारच्या दातांना तारेने बांधतात. दुसरं मत हवं असेल तर धुळे किंवा नाशिकच्या दंत महाविद्यालयात हिरडीरोग विभाग आहे.

प्रश्न : मधुमेह आहे, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी) 9.2. रक्त पातळ होण्याची गोळीही चालू आहे. लेसर चालेल? (भुसावळ)

उत्तर : तुमच्याबाबतीत लेसरला खरा अर्थ आहे, कारण रक्तस्राव कमी होतो. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, ती देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. साखर एवढी असताना फ्लॅप पुढे ढकलतात, साफसफाई थांबवत नाहीत. उलट हिरड्या बऱ्या झाल्या की तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी साधारण 0.4 ने उतरल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. वेळ सकाळची घ्या, नाश्ता आणि मधुमेहाची गोळी नेहमीसारखी घेऊनच निघा. उपाशी येऊन खुर्चीत साखर उतरणं, हा घोळ टाळता येण्यासारखा असतो.

प्रश्न : आई रोज मिसरी लावते. रक्त अजिबात येत नाही, मग हिरड्या चांगल्याच ना? (यावल तालुका)

उत्तर : नाही. तंबाखूतल्या निकोटिनने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आत पॉकेट खोल होत असलं तरी रक्त येत नाही. रोज बोटाने घासल्यामुळे दातांच्या मानेशी खाच पडते ती वेगळीच. आईंना दाखवायला न्याल तेव्हा गालाच्या आतले पांढरे-लाल चट्टे आणि तोंड किती उघडतं, हेही बघायला सांगा. मिसरी चालू असेल तर लेसर काय किंवा फ्लॅप काय, जखम नीट भरत नाही. सोडण्यासाठी सरकारी टोल-फ्री क्रमांक आहे : 1800-11-2356.

प्रश्न : डीप क्लीनिंग आणि लेसर झालं. आता दातांत फटी दिसतात, गार पाण्याने ठणका लागतो. दात खराब केले का? काय खावं? (शहादा)

उत्तर : फटी आधीपासूनच होत्या, त्यांत कीटण भरलेलं होतं. सूज उतरल्याने हिरडीही थोडी खाली बसली. ठणका काही आठवड्यांत कमी होतो, तोवर पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट वापरा. पहिला दिवस मऊ खिचडी, वरण-भात, केळी. शेव-भाजी, ठेचा, कळण्याची भाकरी आणि भाजलेले शेंगदाणे आठवडाभर लांब ठेवा. शेंगदाण्याचं पातळ साल पॉकेटमध्ये शिरलं तर पुन्हा सूज येते. 0.2 टक्के क्लोरहेक्सिडीन या औषधाने चूळ भरा (गिळू नका) : 10 मिली, मिनिटभर, दिवसातून दोनदा, दोन आठवडेच. पेस्टने ब्रश केल्यावर अर्धा तास थांबून ही चूळ भरा. जास्त दिवस वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बिघडते. फटींसाठी मापाचा इंटरडेंटल ब्रश (दोन दातांमध्ये घालायचा छोटा ब्रश) घ्या, रेटून घालावा लागेल असा नको. पहिलं वर्ष दर तीन महिन्यांनी तपासणी.

प्रश्न : तुरटी चोळली तर रक्त थांबतं. मग एवढा खर्च कशाला? (पारोळा)

उत्तर : तुरटीने हिरडी आकसते, म्हणून रक्त थांबतं. कीटण जागेवरच राहतं. चूळ भरायचीच तर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ पुरे, आणि या महिन्यात प्रोबने माप करून घ्या.