वार्षिकांक मुलांचा, जागरण बाईंचं

प्रश्न: सलग दुसऱ्या वर्षी वार्षिकांक माझ्या गळ्यात पडलाय. मागच्या वेळी २५ मुलांनी हौसेने नावं दिली, शेवटी उरली ४ आणि छपाईच्या आधीचा आठवडा मी एकटीच रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पानं लावत बसले. एवढं करून तीन मुलांची नावं चुकली, आणि एका आईचा फोन आला की अख्ख्या अंकात माझ्या मुलीचा एकही फोटो नाही. या वर्षी काय वेगळं करू?

उत्तर: बाई, रागावू नका पण पानं तुम्ही लावलीत म्हणूनच मुलं पांगली. मीही कितीतरी वर्षं हेच केलंय. मूल कॉम्प्युटरवर पान लावत असतं, मजकूर इकडचा तिकडे पळतो, आपल्याला बघवत नाही, आपण म्हणतो सरक जरा आणि माउस हातात घेतो, आणि तिथेच त्याला कळतं की हे शेवटी बाईच करणार आहेत. मग मी सवयच लावून घेतली, मुलांच्या मागे उभं राहताना हात पाठीशी बांधायचे. सांगायचं, विचारायचं, हात लावायचा नाही. एखादं पान जरा गबाळं निघालं तर निघू दे की.

दुसरं म्हणजे २५ जणांची नुसती कमिटी करू नका, कमिटीत काम कुणाचंच नसतं. पहिल्याच आठवड्यात भिंतीवर पानांचा तक्ता लावा, प्रत्येक पानाला एक चौकोन, त्यात काय येणार आणि कुणाचं काम ते नावानिशी. पानं किती ते प्रेसवाल्याला विचारूनच ठरवा. बऱ्याच ठिकाणी १६ पानांचा फर्मा असतो, म्हणजे मोठ्या कागदाच्या एका बाजूला ८ आणि पाठीमागे ८ पानं छापून मग त्याची घडी घालतात, त्यामुळे अंक ४८, ६४, ८० असा वाढतो, आणि ऐनवेळी "फक्त एकच पान घाला हो" म्हणत येणाऱ्यांना हा तक्ता दाखवला की काम होतं. रंगीत पानं मोजकीच परवडत असतील तर ती फर्म्याच्या एकाच बाजूला आणा, पण ती बाजू म्हणजे ओळीने १ ते ८ नव्हे बरं का, साधारणपणे १, ४, ५, ८, ९, १२, १३ आणि १६ अशी येते. इथे भलेभले फसतात.

तारीखही एकच ठेवू नका, फर्म्यागणिक ठेवा. जे कार्यक्रम होऊन गेलेत त्यांची पानं आधी बंद, वर्षअखेरचं शेवटच्या फर्म्यात. पहिली तारीख चुकली तर तेव्हा ओरडायला वेळ असतो, शेवटची चुकली की जागरण.

आता नावं. खरं सांगू का, लेख कुणी वाचो न वाचो, स्वतःचं नाव प्रत्येक जण शोधतोच. ऑफिसातून हजेरीपटाची यादी घ्या आणि ज्याचं नाव त्यालाच दाखवून सही घ्या, कारण हजेरीपटातही चुका असतात. ग्रुप फोटो काढला की मुलं हलायच्या आत नावं रांगेप्रमाणे लिहून घ्यायची, बघणाऱ्याच्या डावीकडून. उद्या लिहू म्हटलं की संपलं. आणि त्याच यादीवर, ज्याचा फोटो किंवा लेख अंकात लागला त्याच्यापुढे एक रेघ मारत जा. अर्धं काम झालं की यादी बघा, संपादकाच्या मैत्रिणीपुढे १४ रेघा आणि खेळात नाही, स्टेजवर नाही अशा दहा-बारा मुलांपुढे काहीच नाही असं दिसेल. त्यांच्याशी बोलायला तेव्हा पोरं पाठवा, फार छान काहीबाही निघतं. ज्यांच्या पालकांना फोटो नकोय त्यांची खूण मात्र पहिल्या दिवसापासून यादीवर हवी.

प्रश्न: आमच्या विद्यार्थी-वार्तापत्रात दोघांनी लायब्ररी सतत बंद असते यावर लिहिलंय. हेडसर म्हणतात छापू नका. मुलांना काय तोंड दाखवू?

उत्तर: सर, आधी लेख काढून बसा आणि मुलांना विचारा, "सतत" म्हणजे किती दिवस? रोज जाऊन वहीत टिपलंय का? ग्रंथपालांना विचारलं का, त्यांचं म्हणणं लेखात आहे का? बऱ्याचदा नसतं. लायब्ररी बंद असायचं कारण ग्रंथपालांना दुसऱ्याच कामाला जुंपलंय हे निघालं तर बातमी उलट जास्त चांगली होते. एवढं झाल्यावर हेडसरांकडे जा, पण एकटे नको, मुलांना घेऊन, आणि यातलं कुठलं वाक्य चुकीचं आहे ते विचारा. चूक दाखवली तर दुरुस्त करा. "शाळेचं नाव खराब होईल" एवढंच उत्तर आलं तर शाळेची बाजू त्यांच्याच शब्दांत शेजारी छापायची तयारी दाखवा. तरीही नाही म्हणाले तर मुलांना खरं कारण सांगा, जागा नव्हती वगैरे थापा मारू नका, त्यांना कळतं. कधी कधी आपण हरतो, सर. पुढच्या वर्षी सुरुवातीलाच मजकूर कोण बघणार, कशासाठी अडवता येईल आणि चूक छापली गेली तर दुरुस्ती कुठे येणार, हे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. वाद नसताना हेडसरही मोकळेपणाने बोलतात.

प्रश्न: मोबाइलवर झकास दिसणारे फोटो छापल्यावर फुटतात. का?

उत्तर: ग्रुपवरून आलेले असणार! व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा किंवा सरळ पेनड्राइव्हवर घ्या. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरा, म्हणजे ५ इंच रुंद फोटोला १५०० पिक्सेल रुंदी हवी, स्क्रीनवर त्याच्या निम्म्यातही सुंदरच दिसतो. आणि फोटो दोन पानांवर पसरवलात तर मधल्या घडीत कुणाचा चेहरा येत नाही ना ते बघा, आमच्या एका अंकात संस्थेच्या अध्यक्षांचं नाक शिवणीत गेलं होतं.