चिनूकनंतरची खडकबाग

प्रश्न : कॅनडातल्या कॅल्गरीत घराच्या दक्षिण बाजूला छोटी रॉक गार्डन केली आहे. मार्चअखेर बर्फ गेला, तर मॉस फ्लॉक्स (जमिनीलगत पसरणारं सदाहरित फुलझाड) तपकिरी पडलेला दिसला आणि सप्टेंबरात लावलेली काही रोपं मुळांसकट वर आलेली. सगळं उपटून नव्यानं लावावं का?

उत्तर : उपटू नका! मॉस फ्लॉक्स तिथली थंडी सोसतो. त्याला भोवतो तो चिनूक. रॉकी पर्वतावरून उतरणारा हा कोरडा, उबदार वारा बर्फाचं पांघरूण हिवाळ्यातच काढून घेतो. मग ऊन-वारा पानांतलं पाणी ओढतात आणि गोठलेल्या जमिनीतून मुळांना ते भरून काढता येत नाही. काडी नखानं खरवडून पाहा. आत हिरवी असेल तर मेअखेरपर्यंत हात लावू नका; तेव्हाही कोरडी राहिलेली टोकंच छाटा. मधोमध टक्कल पडलं असेल तर तिथे भरड वाळू आणि बारीक खडी समभाग भरा, कडेच्या फांद्या त्यात मुळं धरतात. पुढच्या वर्षी जमीन गोठल्यावर वर स्प्रूसच्या फांद्या पसरा (नाताळनंतर टाकून दिलेल्या झाडाच्याही चालतील) आणि एप्रिलमध्ये ढगाळ दिवस बघून दोन टप्प्यांत काढा.

रोपं वर येतात ती चिकण मातीत साठलेलं पाणी गोठून फुगल्यामुळे. सप्टेंबरच्या रोपांना मुळं रोवायला वेळच मिळत नाही, म्हणून मेअखेर किंवा जूनमध्ये लावा. आत्ता खालची जमीन गोठलेली असेल तर रोप दाबू नका, मुळं तुटतील. उघड्या मुळांवर ओली वाळू घाला आणि जमीन सुटल्यावर नीट बसवा. मिश्रण असं : बागेची माती 1 भाग, भरड वाळू 1 भाग, 5 ते 10 मिमी खडी 2 भाग; खोली किमान 30 सेमी. बारीक वाळू चिकण मातीत मिसळली की घट्ट थर बसतो, ती टाळाच. रोपाच्या मानेभोवती (खोड आणि मुळं जुळतात तिथे) 3 सेमी खडी हवी. पालापाचोळा तिथे ओल धरतो आणि मान कुजते. नायट्रोजनचं खतही नको, कोवळी वाढ मेमधल्या दहिवरात जळते.

प्रश्न : माळरानावरचा प्रेअरी क्रोकस खणून आणता येईल का?

उत्तर : आणू नये. मुळं खोल जातात, खणताना तुटतात आणि रोप सहसा जगत नाही. मॅनिटोबाचं हे राज्यफूल नावानं क्रोकस, म्हणजे केशराच्या जातीचं, असलं तरी आपल्या मोरवेलीच्या कुळातलं. बियांना तशीच पिसासारखी शेपटी असते. बी रोपवाटिकेतून किंवा कुणाच्या बागेतून मिळवा. जूनमध्ये ताजं असतानाच पेरा, वर जेमतेम 5 मिमी वाळू घाला. फुलं यायला दोन-तीन वर्षं लागतात.