राखाडी-लाल हॉल: लाल निवडण्याआधी राखाडीची पारख

हॉलला राखाडी-लाल रंगसंगती शोभेल का, असे आपण विचारले आहे. आपण दिलेली माहिती आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. पुण्यातला दोन बेडरूमचा फ्लॅट, साधारण १० बाय १६ फुटांचा हॉल, पश्चिमेला बाल्कनीचे मोठे दार, जमिनीवर आयव्हरी रंगाच्या व्हिट्रिफाइड टाइल्स, काढायचे नाही असे ठरलेले जुने सागवानी शोकेस, आणि रंगाऱ्याने सुचवलेली टीव्हीमागची लाल भिंत. राखाडीमुळे खोली उदास होईल, अशी घरच्यांना भीती आहे. माझे मत असे की, ही रंगसंगती आपल्या हॉलला नक्की शोभेल. मात्र टीव्हीमागची भिंत लाल करू नये, आणि लाल कोणता घ्यावा यापेक्षा राखाडी कोणता घ्यावा यावर जास्त वेळ द्यावा.

याचे कारण असे की, राखाडी रंग शेजारच्या रंगाप्रमाणे बदललेला दिसतो. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगाईविभागाचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी १८३९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे सविस्तर मांडले आहे: दोन रंग शेजारी ठेवले की डोळा त्यांच्यातला फरक वाढवून पाहतो. लालाशेजारी ठेवलेला तटस्थ, म्हणजे कोणतीही झाक नसलेला राखाडी त्यामुळे किंचित हिरवट-निळसर भासतो, आणि मुळातच निळसर असलेला राखाडी तर लाल सोफा आल्याबरोबर थंड आणि आजारी दिसू लागतो. घरच्यांना जी उदासी वाटते, ती बहुतेक अशा निळसर राखाडीची असते. त्यात आपल्या टाइल्स आयव्हरी आहेत. निळसर भिंतीखाली त्या मळकट पिवळ्या दिसतील. म्हणून ज्यात तपकिरीची किंवा तांबूस रंगाची किंचित झाक आहे, असा उबदार राखाडी घ्यावा.

ही झाक शेड कार्डवर सहज कळत नाही, कारण तिथे सगळे राखाडी एकमेकांना खेटून असतात. कार्डाचा तुकडा कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवा, बाकीचे रंग दुसऱ्या कागदाने झाका आणि कार्ड टेबलावर आडवे न ठेवता भिंतीला उभे लावून पाहा. निळी, हिरवी किंवा तपकिरी झाक लगेच उघडी पडते. नंतर दोन-तीन शेड्सचे छोटे नमुने आणून मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात द्या, शेजारी आपल्या पसंतीचे लाल कापड लटकवा, आणि सकाळी, चार वाजता व रात्री दिवे लावून बघा. पश्चिमेच्या खोलीत सकाळचा उजेड फिका असतो आणि संध्याकाळी ऊन तांबूस होऊन आत येते, त्यामुळे दुकानात एकदाच पाहून ठरवलेली शेड हमखास फसवते. कार्डावर प्रकाश-परावर्तनाचा आकडा दिलेला असेल, तर भिंतींसाठी ५५ ते ६५ च्या दरम्यानची शेड घ्यावी. त्याहून गडद राखाडी दहा फूट रुंदीच्या खोलीत अंगावर येतो.

आता टीव्हीमागच्या लाल भिंतीविषयी. टीव्ही पाहताना नजर तासन्‌तास त्या भिंतीवर असते, आणि मागे भडक लाल असला की पडद्यावरचे रंगही शेव्रलच्याच नियमाने ढळलेले दिसतात. चित्रपटांचे रंग जुळवणाऱ्या स्टुडिओंमध्ये पडद्याभोवतीची भिंत तटस्थ राखाडी ठेवतात, ती याच कारणासाठी. तरीही एक भिंत लाल हवीच असेल, तर ती सोफ्यामागची असावी, म्हणजे आत येणाऱ्याला ती दिसते आणि बसणाऱ्याच्या डोळ्यांत खुपत नाही. त्या वेळी रंगाऱ्याला एक गोष्ट आवर्जून सांगा: चमकदार लाल इमल्शनची झाकण्याची ताकद कमी असते, त्यामुळे पांढऱ्या प्रायमरवर तीन-चार हात देऊनही पट्टे दिसत राहतात. आधी मध्यम राखाडी रंगाचा एक हात दिला, तर वरचा लाल लवकर एकसारखा बसतो. गेरूसारख्या मातकट लालाला ही अडचण फारशी येत नाही, कारण लोहाचे रंगद्रव्य मुळातच चांगले झाकते.

आपल्या खोलीसाठी मी हाच गेरूकडे किंवा कौलांकडे झुकणारा लाल सुचवेन. सागवानी शोकेस हा या खोलीतला तिसरा रंग आहे आणि तो बाजूला काढता येणार नाही. त्याच्या तांबूस-पिवळ्या पॉलिशशी कौलारू लाल सहज मिसळतो, तर गुलाबीकडे झुकणारा लाल त्याच्याशी भांडतो. सणासुदीला दाराला झेंडूचे तोरण लागले की हा फरक आणखी ठळकपणे दिसतो. शिवाय काळ्या-करड्या बेसॉल्टचा चौथरा आणि वर लाल कौले ही जोडी आपल्याकडच्या कितीतरी जुन्या घरांत दिसते, त्यामुळे आपल्या नजरेला ती परकी वाटत नाही. एकदा लालाचे हे कूळ ठरले की खोलीत दुसऱ्या कुळाचा लाल आणू नये. कुंकवासारखा एक आणि विटेसारखा दुसरा, असे दोन लाल एकत्र आले की दोन्हींची चव बिघडते.

लाल नेमका कुठे असावा? माझ्या मते नजरेत येणाऱ्या भागाच्या दशांशाइतका लाल पुरे होतो. सोफा राखाडीच ठेवा. त्यावर खणाचे लाल अभ्रे घालावेत, कारण खणाच्या बारीक विणीत आणि काठात लाल एकसुरी राहत नाही. गेरूच्या जमिनीवर पांढऱ्या रेघांचे मोठे वारली चित्र राखाडी भिंतीवर फार सुरेख उठून दिसते, आणि पायाखाली करड्या-काळ्या लोकरीचे घोंगडे घातले तर राखाडीलाही पोत मिळतो. गुळगुळीत भिंत, गुळगुळीत टाइल्स आणि गुळगुळीत रेक्झिन असे सगळे एकत्र आले, तर उत्तम शेडही दवाखान्यातल्यासारखी दिसते.

लाल पडदे मात्र बाल्कनीच्या दाराला लावू नयेत, हे मी आग्रहाने सांगेन. पश्चिमेचे ऊन त्यांतून गाळून आले की अख्खी खोली लालसर होते आणि निवडून घेतलेला राखाडी त्यात बुडून जातो; शिवाय रोजच्या उन्हाने लाल कापड विटते, तेही घड्यांच्या कडांवर आधी, म्हणून पट्टे पडतात. तिथे फिकट राखाडी किंवा मलईरंगी, अस्तर लावलेले पडदे योग्य होतील.

शेवटी दिव्यांविषयी, कारण निम्म्या घरांत रंगसंगती तिथेच मारली जाते. उजेड किती उबदार किंवा थंड ते केल्व्हिनमध्ये मोजतात; आकडा जितका मोठा, तितका उजेड निळसर. ६५०० केल्व्हिनच्या पांढऱ्या एलईडीखाली उबदार राखाडीसुद्धा निळा पडतो. हॉलसाठी २७०० ते ३००० केल्व्हिनचे दिवे घ्यावेत. खोक्यावर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात, ते सांगणारा आकडा) ८० लिहिलेले असले तरी तेवढ्यावर समाधान मानू नये. तो आकडा आठ फिक्या रंगांवरून काढलेल्या सरासरीचा असतो. गडद लालाचे मोजमाप आर-९ या वेगळ्या आकड्यात येते, आणि स्वस्त एलईडीमध्ये तो फार कमी असतो, म्हणून त्यांच्याखाली लाल अभ्रे तपकिरी दिसतात. सीआरआय ९० किंवा अधिक असलेले आणि आर-९ निदान ५० असलेले दिवे मिळतात. ते रंगकामाआधीच आणून लावावेत, म्हणजे पुठ्ठ्यावरच्या शेड्स त्याच उजेडात तपासता येतील. पुठ्ठे आणि कापड यांचे दिवसाचे व रात्रीचे फोटो इथे टाकलेत, तर नेमकी शेड निवडायला मी मदत करीन. फोटो काढताना चौकटीत एक पांढरा कागद जरूर ठेवा, म्हणजे कॅमेऱ्याने रंग किती बदलले ते कळेल.