कोलंबसला येतेयस? आधी तिकीट नीट बघ

नवऱ्याची बदली कोथरूडहून अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, कोलंबसला होतेय, मुलगी साडेपाच वर्षांची आहे, राज्य कसं आहे, शाळा कशा आहेत, एकटं वाटतं का, असं तू विचारलंयस. थंडी, घरभाडं आणि तूरडाळ कुठे मिळते हे बाकीच्यांनी सांगून झालंय. व्हिसाचं कंपनीचे वकील बघतात. मी ऑगस्ट 2013 मध्ये कर्वेनगरहून इथे आले, तेव्हा माझी मुलगी सहा वर्षांची होती. तुझा प्रश्न वाचून परवा रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहायला बसलेय. तुझ्याहून बरीच मोठी असणार, तेव्हा अगंतुगं करते.

पहिलं, तिकीट इंडियानापोलिसचं काढ. 'कोलंबस' म्हणून सापडतो तो विमानतळ ओहायोतला. ते कोलंबस एका राज्याची राजधानी आहे, आपलं कोलंबस म्हणजे पन्नासेक हजार वस्तीचं गाव, आणि दोन्हींच्या मधे तीनशे किलोमीटर. माझ्या दिराने हौसेने सासू-सासऱ्यांचं तिकीट काढलं ते ओहायोचं. नवरा रात्रीचा साडेतीन तास गाडी हाणत गेला. तोवर सासूबाई मांडीवर बेसनलाडवांचा डबा घेऊन बाकड्यावर बसून होत्या. डबा शेजारी ठेवायलाही तयार नव्हत्या.

दुसरा घोळ अक्षरांचा. या राज्याची टपालखूण आयएन, आणि भारताचीही आयएनच. गाडीच्या लायसन्ससाठी गेले तेव्हा खिडकीतल्या बाईंनी जन्मस्थळ 'पुणे, आयएन' असं टाकलं. संगणकाने माझा जन्म इंडियानात लावला. जन्म इथला तर मग व्हिसा कसला, यावर गाडं अडलं. त्यात आपल्या पासपोर्टवर पहिल्या नावालाच नवऱ्याचं नाव चिकटलेलं, त्यामुळे तीन कागदांवर मी तीन बायका होते. चार खेपा झाल्या. इथे बस जवळजवळ नाहीच, म्हणजे लायसन्स काढायला जायलाही कुणीतरी नेऊन सोडावं लागतं. चौथ्या खेपेला मी पार्किंगमध्ये रडले, कारण काय तर एक अक्षर. जिथे जिथे देश विचारतील तिथे 'इंडिया' पूर्ण लिही आणि लिहिलेलं पडद्यावर दाखवायला सांग. संकोच करू नकोस.

आता राज्य. उत्तरेला मिशिगन सरोवर, दक्षिणेला ओहायो नदी. हिमयुगातल्या बर्फाने उत्तरेकडचा मोठा भाग पोळी लाटावी तसा सपाट करून टाकला, आणि बर्फ थांबला तिथून खाली टेकड्या सुरू होतात. कोलंबस त्या सीमेजवळच आहे. पश्चिमेला अर्धा तास गेलीस की ब्राउन काउंटी. ऑक्टोबरमध्ये तिथलं रान लाल-पिवळं होतं तेव्हा जा, गर्दी असली तरी जा. आणखी पुढे बेडफर्डच्या चुनखडीच्या खाणी आहेत. एम्पायर स्टेट बिल्डिंगला बाहेरून लावलेला दगड तिथला. उरलं काय, तर मका आणि सोयाबीन, मैलोन्‌मैल. पहिल्या सप्टेंबरात नवऱ्याने एका शेतकऱ्याला विचारून दोन कणसं आणली, गॅसवर भाजली, लिंबू-तिखट चोळलं, आणि दात लावला तर दातच हलला. हा मका गुरांच्या खाण्याचा नाहीतर इथेनॉलचा, लोणावळ्याचा भुट्टा नव्हे. गोड मका जुलै-ऑगस्टमध्ये रस्त्याकडेच्या टपरीवर मिळतो, तो घे.

घड्याळाचं एक सांगते, कारण ते कुणी सांगत नाही. आपण पूर्वेकडच्या वेळेत मोडतो, पण त्या पट्ट्याच्या पश्चिम टोकाला. म्हणून जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो आणि मुलं झोपत नाहीत. डिसेंबरात सकाळी आठला सूर्य उगवतो, म्हणजे शाळेची बस काळोखात. वर्षातून दोनदा घड्याळ पुढे-मागे करायचं, हे या सबंध राज्यात 2006 पासूनच आलं. आईशी बोलायचं गणित उन्हाळ्यात साडेनऊ तासांचं, हिवाळ्यात साडेदहा तासांचं. माझी आई शेवटपर्यंत ते गणित चुकवत राहिली आणि आमच्याकडे पहाटे तीनला फोन करून "जेवलात का" विचारत राहिली.

पैशापाण्याचं म्हणशील तर हे कारखान्यांचं राज्य. गॅरीला पोलाद, इंडियानापोलिसला इलाय लिलीची औषधं, वॉर्सॉला सांधे बदलायचे कृत्रिम गुडघे आणि खुबे, एल्कहार्टला चाकांवरची घरं. अशा राज्यात मंदी आधी येते. 2009 मध्ये एल्कहार्टकडची बेकारी वीस टक्क्यांच्या घरात गेली होती. साउथ बेंडमधला स्टुडबेकरचा मोटारींचा कारखाना 1963 च्या डिसेंबरात बंद पडला, आणि जुनी माणसं अजून तो महिना सांगतात. आपल्या गावात डिझेल इंजिनांची कमिन्स. 1919 साली इथे सुरू झालेली कंपनी 1962 मध्ये किर्लोस्करांबरोबर पुण्यात आली, आणि आता आपण उलटे इथे येतोय. एका कंपनीचं गाव म्हणजे काय ते इथे कळतं. नवऱ्याचा साहेब दुधाच्या रांगेत तुझ्या पुढे, साहेबाची बायको पोहण्याच्या क्लासला तुझ्या शेजारी. घरी काही बिनसलं तर तोंड लपवायला जागा नाही.

पण याच कंपनीच्या अर्विन मिलर नावाच्या माणसाने एक विलक्षण गोष्ट केली. 1950 च्या दशकापासून कंपनीच्या फाउंडेशनने गावाला सांगितलं, आमच्या यादीतला आर्किटेक्ट निवडा, त्याची फी आम्ही भरतो. शाळा, अग्निशमन केंद्र, सगळ्यांसाठी. त्यामुळे मक्याच्या शेतांमध्ये हे भलतंच गाव उभं राहिलंय. त्याच्याही आधीचं एलिएल सारिनेनचं 1942 चं चर्च, त्याच्या मुलाचं, एरोचं, 1964 चं चर्च, आय. एम. पेई यांची 1969 ची लायब्ररी आणि तिच्यासमोर शिल्पकार हेन्री मूरची हिरवट कांस्याची प्रचंड कमान. पाहुणे आले की मी हे सगळं तोंडपाठ म्हणते. पहिल्या हिवाळ्यात लायसन्स नव्हतं तेव्हा घरून चालत त्या लायब्ररीत जायचे. खिडकीशी पुस्तक उघडून बसायचे आणि कमानीवर साचलेला बर्फ दुपारी कुठल्या बाजूने आधी गळतो ते बघायचे. सव्वादोन वाजले की उठायचं. मार्चपर्यंत तेच पुस्तक होतं.

एकटेपणाचं विचारलंयस. होते सवय. गणपतीला, दिवाळीला आपली माणसं जमतात, ढोलसुद्धा असतो. पुढे.

शाळा. इथेच माझी गाडी अडते.

आधी बारीकसारीक. वर्ष ऑगस्टच्या सुरुवातीला चालू होतं. सरकारी शाळा फुकट म्हणून आम्ही आलो आणि पहिल्याच महिन्यात पुस्तकांचं बिल आलं. ती वसुली 2023 मध्ये कायद्याने बंद झाली, तुझं नशीब. बर्फ पडला, किंवा नुसतं धुकं असलं, तरी पहाटे साडेपाचला निरोप येतो, शाळा दोन तास उशिरा. चौथीत राज्याचा इतिहास असतो. तो तूही मुलीबरोबर शिक, मी शिकले. लिंकन सात वर्षांचा असताना त्याचं कुटुंब इथे दक्षिणेत राहायला आलं, 1816 मध्ये, राज्य झालं त्याच वर्षी. दोन वर्षांनी त्याची आई गेली. रानात एक पांढऱ्या फुलांचं विषारी झुडूप असतं, ते गायीने खाल्लं की दुधात विष उतरतं, त्याने. नऊ वर्षांचं पोर. ते वाचून मुलीने आठवडाभर दूध घेतलं नाही.

मुलीने पुण्याला फोनवर सांगितलं होतं, "आजी, आम्ही इंडियानात राहतो." आई म्हणाली, "मग इंडियातच ना गं!" आम्ही हसलो. चौथीत कळलं की इंडियाना म्हणजे इंडियन लोकांची, इथल्या मूळ रहिवाशांची भूमी, आणि त्याच लोकांना, पोटावाटोमींना, 1838 मध्ये बंदुकीच्या धाकाने इथून चालवत कॅन्ससला नेलं. वाटेत मेले त्यांत मुलंच जास्त. वर्गात कुणीतरी मुलीला विचारलं, तुझे लोक का नाही गेले? पोरांचा प्रश्न होता, राग कसला धरणार. पण तिने घरी येऊन मला विचारलं आणि मी कुकरची शिट्टी काढायला उठले.

हेही माहीत असू दे, की 1920 च्या दशकात गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या कू क्लक्स क्लॅनचा जोर इथे इतका होता की 1924 चा गव्हर्नर त्यांच्या पाठिंब्याने निवडून आला. आज माझ्या शेजारीण आजी बागेतली झुकिनी घालून केलेला केक आणून देतात आणि घरी नसलो तर दारासमोरचा बर्फही काढून ठेवतात. दोन्ही खरं आहे.

तर प्रवेशाच्या कागदांत एक पान असतं, घरच्या भाषेचं. त्यावर तीन प्रश्न. मुलाची मातृभाषा कोणती, मूल जास्त कोणती भाषा बोलतं, घरात मूल कोणती बोलतं. मी निळ्या पेनने तिन्ही ठिकाणी 'मराठी' लिहिलं. अभिमानाने लिहिलं गं, अक्षरसुद्धा सुवाच्य काढलं. पोरगी पुण्यात इंग्लिश माध्यमातली, इंग्लिश फाडफाड बोलायची. पण इंग्लिश सोडून दुसरी भाषा लिहिली की परीक्षा घेतात. एका अनोळखी बाईंसमोर एकटीला बसवलं, आणि तिने तोंड उघडलं नाही. सहा वर्षांची होती, आठवडाभरापूर्वी विमानातून उतरलेली. झालं, इंग्लिश शिकणाऱ्या मुलांच्या गटात नाव गेलं. रोज वर्गातून उठवून वेगळ्या खोलीत. तेही नेमकं गोष्ट वाचून दाखवायच्या वेळेला, जी तिची सगळ्यात आवडती वेळ. शिकवणाऱ्या बाई चांगल्या होत्या, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण तिथे 'हे सफरचंद आहे' चाललेलं, आणि ही घरी जाड पुस्तकं वाचतेय. सुटका वर्षातून एकदाच होणाऱ्या परीक्षेतून, ती जानेवारी-फेब्रुवारीत, आणि निकाल वर्ष संपता संपता. पहिल्या वर्षी बोलण्याच्या भागात ती थोडक्यात राहिली. दोन वर्षं गेली. मी शाळेत दोनदा भेटले, दोनदा हसतमुखाने सांगितलं, नियम आहे.

ती जादा शिकवणी पालकांना लेखी नाकारता येते. परीक्षा चालू राहते, पण मुलाला वर्गातून उठवत नाहीत. हे शाळेच्या पत्रात शेवटच्या पानावर छापलेलं होतं. मी ते पान दोन वर्षांनी वाचलं.

तोवर मुलीने आपल्या डोक्याने हिशेब मांडला होता. त्या खोलीत का जावं लागतं? मराठीमुळे. दुसरीत असताना एकदा शाळा सुटल्यावर गाड्यांच्या रांगेत मी काच खाली करून "ये गं सोनू" म्हटलं. ती आत बसली, पट्टा लावला आणि समोर बघत म्हणाली, "आई, काच खाली असताना मराठी नको." हे मराठीतच म्हणाली. त्यानंतर काच वर असतानाही हळूहळू बंदच झालं.

मुलगा 2016 चा, इथलाच. 2021 मध्ये त्याला शाळेत घालताना तेच पान पुढे आलं, तेच तीन प्रश्न. मी तिन्ही ठिकाणी 'इंग्लिश' लिहिलं. आमच्या घरात तेव्हाही वरण-भात मराठीतच वाढला जायचा. त्याला कुणी परीक्षेला बसवलं नाही, कुणी उठवलं नाही. छान चाललंय त्याचं. आईच्या शेवटच्या आजारपणात मी फोन त्याच्या कानाला लावला, तर त्याने "हाय आजी" म्हटलं आणि पुढे काय बोलावं म्हणून माझ्याकडे बघत राहिला.

गेल्या वर्षी कपाट आवरताना मुलीच्या हाताला दोन्ही पानांच्या प्रती लागल्या. आता ती कॉलेजला निघालीय. दोन्ही शेजारी ठेवून तिने वाचली. मला वाटलं, भाषेवरून काही बोलेल, अलीकडे तिला आजीची जुनी पत्रं वाचता येत नाहीत म्हणून वाईट वाटतं. ती म्हणाली, "त्याच्यासाठी खोटं लिहिलंस, मग माझ्यासाठी का नाही?" चिडून नाही, खरंच विचारत होती. मी म्हटलं, तेव्हा मला माहीत नव्हतं. ते खरंही आहे. पण त्याच्या वेळी माहीत होतं, आणि तरी जे लिहिलं ते बरोबर होतं का, हे मला अजून ठरवता येत नाही.

तू काय लिहावंस ते मी सांगणार नाही. मराठी लिहिलंस तर परीक्षेच्या आधी आठवडाभर तिला इथल्या लोकांशी बोलायची सवय कर, दुकानात पैसे तिला देऊ दे, लायब्ररीच्या गोष्टीच्या तासाला रोज ने, आणि शेवटचं पान पहिल्यांदा वाच. ते पान भरायच्या आदल्या रात्री मला फोन कर. उशीर झाला तरी चालेल, मी जागी असते. आणि येताना भाजणी आण, इथली गिरणी नीट दळत नाही.