टाचेमागची शीर दुखतेय? घाई करू नकोस

सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली दहा पावलं लंगडत जातात, मग शीर मोकळी होते, असंच ना? मीही यातून गेलोय. पोटरीला टाचेशी जोडणारी ती जाड शीर (अकिलीस टेंडन) नुसत्या विश्रांतीने बळकट होत नाही, तिला हळूहळू भार द्यावा लागतो.

स्वीडनचे हाडांचे डॉक्टर हाकान आल्फ्रेडसन यांनी 1998 साली मांडलेला व्यायाम कर. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे टेकव, कठड्याला हात धर. दोन्ही पायांवर जोर देऊन टाचा वर उचल, मग सगळं वजन दुखऱ्या पायावर घेऊन टाच सावकाश पायरीखाली जाऊ दे. पुन्हा वर येताना मात्र चांगल्या पायाचाच जोर लाव. गुडघा सरळ ठेवून 15 चे तीन सेट, किंचित वाकवून आणखी तीन. सकाळ-संध्याकाळ, रोज, 12 आठवडे. सुरुवातीला थोडं दुखेल, ते चालतं. दुखणं वाढतच गेलं तर कमी कर.

दुखरी जागा अगदी टाचेच्या हाडावर असेल, तर टाच पायरीखाली नेऊ नकोस, सपाट जमिनीवरच कर.

मालिशचं म्हणशील, तर फिजिओकडून पोटरी मोकळी करून घे, बरं वाटतं. पण शिरेवरच अंगठा रगडू देऊ नकोस. मी दिला होता, आठवडाभर सूज उतरली नाही.

आणि सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांग, तिने ही शीर तुटू शकते. 'फट्' आवाज होऊन चवड्यावर उभंच राहता आलं नाही, तर त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरकडे जा.